‘मरॉडर’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

तापीकाठचा मास्तर:

नमस्कार मंडळी. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची शाळा आहे. तिथे मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो. एका शब्दानं मला चार दिवस झोपू दिलेलं नाही, म्हणून इथे विचारतो. लांबण लागेल, पण नीट सांगितल्याशिवाय माझी अडचण कळणार नाही.

आमच्या वर्गात शब्दवही असते. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, मग देवनागरीत उच्चार, मग अर्थ, मग एक वाक्य. रोज पाच शब्द. मुलांना आपल्याच भागाबद्दल वाचायला आवडतं, म्हणून इंग्रज अमदानीतल्या खानदेशावरचा एक इंग्रजी उतारा मी सोपा करून फळ्यावर लिहिला. १८१८ साली पेशवाई संपली, खानदेश कंपनी सरकारकडे गेला, कॅप्टन ब्रिग्ज हा पहिला पोलिटिकल एजंट आला, धुळ्याला मुख्य ठाणं झालं, अशी माहिती. थाळनेर आमच्यापासून जवळ. २७ फेब्रुवारी १८१८ ला तिथल्या किल्ल्यावर जनरल हिस्लॉपनं काय केलं, किल्लेदाराला कसं फाशी दिलं, आतल्या अरब शिबंदीची कशी कत्तल झाली, हे सांगताना वर्ग अगदी गप्प होता. पोरं दर वर्षी सहलीला त्याच पडक्या बुरुजावर चढतात.

पुढच्या ओळीत ‘मरॉडिंग’ शब्द आला, आणि त्याला लागून ‘भिल्ल’. मी सवयीनं फळ्यावर लिहिलं: मरॉडर म्हणजे लुटारू.

पहिला हात वर झाला तो पुढच्या बाकावरून. “सर, मरॉडर हा शब्द मराठावरून आला का?” उच्चार ऐकून कुणालाही वाटेल असंच. मी म्हटलं बघून सांगतो. मला खरंच खात्री नव्हती.

दुसरा हात वर झाला नाही. तिसऱ्या बाकावर एक भिल्ल मुलगा बसतो. अक्षर इतकं सुरेख की वर्गाचे तक्ते त्याच्याकडूनच लिहून घेतो. त्यानं चार शब्द उतरवले होते. पाचव्याला पेनचं टोपण लावलं आणि वही मिटून बाकाखाली सरकवली. बोलला काही नाही. मी फळ्याकडे वळून पाहिलं तर माझ्याच अक्षरात ‘लुटारू’ आणि ‘भिल्ल’ एकाखाली एक, एका हाताच्या अंतरावर.

माझ्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलं भिल्ल आणि पावरा. वीस वर्षं मी हाच शब्द असाच शिकवत आलो आहे का, हे आठवून पाहिलं. शिकवत आलो आहे.

तर माझे प्रश्न. एक, हा शब्द मूळचा कुठला? दोन, ‘लुटारू’ हा अर्थ बरोबर आहे की अर्धाच? शब्दकोशात बघितलं तर फिरत फिरत लूट करणारा असा भाव दिसतो. दरोडेखोर, वाटमारे, पुंड, पेंढारी, यातलं कोणतं जवळचं? तीन, आणि हे मला जास्त महत्त्वाचं: ज्या वाक्यात तो शब्द अख्ख्या जमातीला चिकटवलाय, ते वाक्य मराठीत कसं आणायचं? वाक्य गाळून टाकणं मला पटत नाही. इंग्रजांनी तसं लिहिलं हाही इतिहासच आहे. पण माझ्या तोंडून ते निवाड्यासारखं जायला नको.

पुढच्या मंगळवारी तोच उतारा पुन्हा घ्यायचा आहे. जाणकारांनी मदत करावी.

---

मुद्रितशोधक आप्पा, जळगाव:

मास्तर, आधी त्या पुढच्या बाकावरच्या पोराचं उत्तर देतो. मराठा आणि मरॉडर यांचा काही संबंध नाही. कानाला सारखं लागतं एवढंच. शब्द फ्रेंच. ‘मरो’ म्हणजे भामटा, भटक्या, उनाड माणूस. फ्रान्सच्या काही बोलींत बोक्यालाही हाच शब्द आहे, आणि रात्रभर दारोदार फिरणाऱ्या बोक्यावरून तो माणसाला लागला असं काही भाषाअभ्यासक मानतात. सोळाव्या शतकाच्या मध्यालाच फ्रेंचमध्ये तो रुळलेला होता. तेव्हा शहाजीराजांचाही जन्म झाला नव्हता. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या अखेरीस आला.

मधला टप्पा युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धाचा, १६१८ ते १६४८. पगार थकलेले, पलटणीतून सुटलेले शिपाई गावोगाव फिरून कोंबड्या, धान्य, भांडीकुंडी उचलायचे. त्यांना हे नाव. जर्मन लोकांनी तर मेरोडे नावाच्या एका सरदाराच्या शिपायांवरून हा शब्द निघाला अशी गोष्ट रचली. ती नंतर जोडलेली आहे. ‘प्लंडर’ हा शब्दही त्याच युद्धाच्या धामधुमीत जर्मनमधून इंग्रजीत शिरला. म्हणजे मरॉडरचा मूळ चेहरा डोंगरातल्या माणसाचा नाही, तो सरकारी फौजेतल्या शिपायाचा आहे. तुमच्या तिसऱ्या बाकावरच्या मुलाला हे आवर्जून सांगा.

आता वापर. नाम म्हणून ‘मरॉडर’, विशेषण म्हणून ‘मरॉडिंग’. क्रियापद ‘मरॉड’ आहे, पण क्वचित दिसतं. उच्चारात जोर ‘रॉ’वर. या शब्दात दोन गोष्टी एकदम हव्यात, फिरणं आणि लुटणं. दंगलीत दुकान फोडणारा ‘लूटर’ असतो, मरॉडर नव्हे. एकाच घरावर ठरवून चालून जाणारा ‘रेडर’. मरॉडरला ठरलेलं घर नाही, जे वाटेत येईल ते त्याचं. त्यामुळे तुमचा ‘लुटारू’ चूक नाही, पण पाय नसलेला आहे.

आणखी एक गंमत नव्हे, विचार करण्यासारखी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांची एक तुकडी १९४४ साली आसामातल्या लेडोहून ब्रह्मदेशच्या जंगलात पायी शिरली. तीनेक हजार माणसं, जनरल मेरिल त्यांचा प्रमुख. वार्ताहरांनी त्यांना ‘मेरिल्स मरॉडर्स’ नाव दिलं आणि त्या शिपायांनी ते अभिमानानं मिरवलं. अमेरिकेच्या एका बॉम्बर विमानाचं नावही मरॉडरच होतं. आपला माणूस असला की हाच शब्द पदक होतो.

मराठीतही हेच झालंय. ‘मुलूखगिरी’ शब्द घ्या. आज आपण तो प्रवासाला, व्याख्यानांच्या दौऱ्याला वापरतो. जुना अर्थ काय? फौज घेऊन परमुलखात शिरायचं, खंडणी आणि लूट घेऊन परत यायचं. जाणाऱ्याच्या बाजूनं ती मुलूखगिरी. ज्याच्या गावात ते घोडे शिरले त्याच्या बाजूनं ती धाड. इंग्रजीतल्या एका शब्दासाठी आपल्याकडे दोन बाजूंचे दोन शब्द आहेत. चाळीस वर्षं दुसऱ्यांची मुद्रितं तपासली, असे शब्द रोज हाताखालून गेले, पण ही जोडी मला तुमच्या प्रश्नामुळेच दिसली.

---

अ‍ॅडव्होकेट, धुळे:

सर, ‘दरोडेखोर’ वापरू नका एवढंच सांगायला आलो. तो कायद्यातला शब्द आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली तरच दरोडा. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३९१, शिक्षा ३९५ खाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३१०. चार जण असतील तर ती जबरी चोरीच. इंग्रजी ‘डकॉइट’ हा आपल्याच डाका-डकैतवरून गेला आहे. ‘लूट’ आणि ‘ठग’ हेही इथूनच तिकडे गेले. मरॉडरला अशी कायदेशीर व्याख्या नाही, तो वर्णनाचा शब्द आहे. म्हणूनच तो कुणालाही लावता येतो आणि पुरावा लागत नाही.

मुलांना आणखी एक सांगता आलं तर बघा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादी जमात कागदावर चढली की त्या घरात जन्मलेलं मूल जन्मतःच संशयित. हजेरी, ठाण्याची परवानगी, सगळं आलं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. वाक्यातलं विशेषण आणि कायद्यातलं कलम यांच्यात फार अंतर नसतं, हे मी रोज कोर्टात पाहतो.

---

धरणगावची लेक:

मास्तर भाऊ, मी शेतकरी घरातली बाई आहे, इंग्रजीचं मला फार कळत नाही. पण ‘धाड’ शब्दाबद्दल आप्पांनी लिहिलं म्हणून लिहिते.

माझ्या माहेरच्या धाब्याच्या घरात मधल्या खोलीला एक बळद होतं. नवीन माणसाला ती नुसती जाडजूड भिंत वाटेल. वर माळ्यावर एक चौकोनी तोंड, तिथून ज्वारी ओतायची. खाली जमिनीलगत मुठीएवढं भोक, त्याला चिंध्यांचा बोळा. लहानपणी तो बोळा काढायचं काम माझं. बोळा ओढला की आधी कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याचा आणि धुळीचा वास यायचा, मग दाणे सूप भरेस्तोवर सर्र करून यायचे. हात आडवा लावून थांबवायचे आणि बोळा परत ठोकायचा. भिंत पुन्हा भिंत.

आजी सांगायची, ही भिंत पेंढाऱ्यांसाठी. पेंढारी यायचे ते पीक घरात आल्यावर. कणगी दिसली की फोडायचे, पेवाची, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धान्याची, जागा दाखव म्हणून म्हाताऱ्यांना मारायचे. म्हणून धान्य भिंतीत. तिनं स्वतः पेंढारी पाहिलेला असणं शक्यच नाही, तिच्या आजीनंही नसेल. पण अंधार पडल्यावर आम्ही अंगणात दंगा केला की ती अजून ओरडायची, “पेंढारी उनात रे, घरमा पया!” म्हणजे पेंढारी आले रे, घरात पळा. आणि मी जेवताना उगाच रडत बसले की, “काय धाड भरनी तुले?” धाड भरणं म्हणजे काय हे मी कधी विचारलं नाही. आज आप्पांचं वाचून डोक्यात प्रकाश पडला की ते घोडेच अजून आमच्या बोलण्यात फिरताहेत.

आता टीव्हीवर धाड म्हणजे आयकरवाल्यांची. पण धाड शब्दात तुमचा फिरस्तेपणा पूर्ण आहे. टोळधाड म्हणतो ना आपण? २०२० च्या मे महिन्यात अमरावती-नागपूरकडे टोळ आले तेव्हा आमच्याकडेही रात्री लोक डबे घेऊन बांधावर बसले होते. टोळ काही एका शेताचं वैर धरून येत नाहीत. वाऱ्याबरोबर येतात, बसतील तिथलं खातात, उठतात. मला तर मरॉडरला ‘धाडकरी’ हाच शब्द बरा वाटतो.

आणखी एक. आमचं धरणगाव हे भिल्ल पलटणीचं ठाणं होतं. आऊट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या इंग्रजानं १८२५ साली ती उभी केली. तो जंगलात जाऊन त्यांच्याबरोबर शिकारीला हिंडला, त्यांच्यात बसला-उठला, मग माणसं भरती झाली. कालपर्यंत ज्यांना लुटारू म्हणत होते त्यांच्याच हातात बंदूक आणि अंगावर गणवेश देऊन मुलखाची राखण सांगितली. शब्द माणसाला चिकटलेलाच असता तर हे झालं असतं का? तुमच्या त्या पोराला एकदा धरणगावला घेऊन या. आमच्याकडे जेवायला या.

---

भुसावळ जंक्शन:

रेल्वेत होतो, नोकरीची अकरा वर्षं बंगालात गेली. त्यातली बहुतेक आसनसोलला. मास्तर, तुमच्या वर्गातली ती गोष्ट वाचून मला माझी स्वतःचीच एक जागा आठवली.

शेजारी एक म्हातारी होती, नातवाला मांडीवर घेऊन थोपटायची. तिच्या अंगाईत ‘बर्गी’ हा शब्द यायचा. बाळ निजलं, वस्ती निवांत झाली आणि बर्गी देशात आले. पाखरांनी धान खाल्लं, आता सारा कशातून भरू? चाल फार गोड. मी एक दिवस विचारलं, माशिमा, बर्गी म्हणजे कोण? ती माझ्याकडे बघून थांबली. तिच्या मुलानं हळूच सांगितलं, “बर्गी म्हणजे तुम्ही लोक.”

बर्गी म्हणजे आपला बारगीर. ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर, ज्याचा स्वतःचा तो शिलेदार. आपल्याकडे हा साधा लष्करी हुद्दा. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४१ पासून दहा वर्षं बंगालवर जात राहिल्या. १७५१ साली बंगालचा नवाब अलिवर्दीखान यानं तह करून ओडिशा दिला आणि बारा लाख चौथाई कबूल केली, तेव्हा थांबल्या. कलकत्त्याभोवती १७४२ साली इंग्रजांनी खंदक खणला, त्याचं नावच मराठा खंदक. विष्णुपूरला मी एक भली मोठी लोखंडी तोफ पाहिली, दलमादल म्हणतात. बर्गी आले तेव्हा देव मदनमोहनानं स्वतः ती तोफ डागली असं तिथले लोक सांगतात. तोफेला हात लावून मी उभा होतो आणि बाजूचा वाटाड्या हे सगळं एका मराठी माणसाला सांगतो आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

शाळेत आपण अटकेपार झेंडे शिकलो. त्या म्हातारीच्या घरात तीच माणसं पोरांना झोपवायच्या कामाची. मला राग आला नाही, पण त्या दिवशी मी तिच्याकडचा चहा नीट पिऊ शकलो नाही. तुमचा विद्यार्थी वही का मिटून बसला ते मला कळतं. फरक एवढाच की मी चाळिशीचा होतो आणि तो चौदा वर्षांचा आहे.

---

मुद्रितशोधक आप्पा, जळगाव:

पेंढाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर एक भर. ताईंच्या आजीचे पेंढारी हे नुसते भटके चोर नव्हते. शिंदेशाही पेंढारी आणि होळकरशाही पेंढारी असे त्यांचे चक्क सरकारी गट होते. त्यांना पगार नाही. उलट लूट करायची मुभा मिळावी म्हणून तेच सरदाराला पालपट्टी भरायचे. पाल म्हणजे तंबू, ज्यात ते राहायचे. १८१६ साली ते नर्मदेकाठून निघून थेट गुंटूरपर्यंत जाऊन आले. इंग्रजीत ‘पिंडारी’ शब्दही आहे, पण तो तेवढ्याच लोकांसाठी. त्यांच्यातल्या अमीरखानाला १८१७ साली इंग्रजांनीच टोंकचा नवाब म्हणून मान्यता दिली. करीमखानाला शरण आल्यावर गोरखपूरकडे जमीन मिळाली. चितू शरण गेला नाही. तो अशीरगडाजवळच्या रानात लपला आणि १८१९ साली वाघानं खाल्ला. तिघांचा धंदा एकच होता. पुस्तकात एक नवाब, एक जमीनदार आणि एक मरॉडर म्हणून उरला.

‘फ्रीबूटर’ हाही जवळचा शब्द आहे, डच भाषेतून आलेला. फुकटच्या लुटीवर जगणारा. जुन्या इंग्रजी इतिहासांत तो मराठ्यांना सर्रास लावलेला दिसेल. बँडिट इटालियन. ज्याच्या नावानं दवंडी पिटली तो. आपल्या ‘बंड’शी त्याचा संबंध नाही, नाहीतर पुढच्या बाकावरून पुन्हा हात वर होईल.

---

तापीकाठचा मास्तर:

सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवारचा तास झाला. कसा झाला ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

सुरुवात फ्रेंच बोक्यापासून केली. ते ऐकून वर्ग हसला आणि मोकळा झाला. मग पगार थकलेले शिपाई, मग मेरिलची तुकडी. धरणगावच्या ताईंचं बळद मी फळ्यावर काढून दाखवलं. तीन मुलांनी सांगितलं की त्यांच्या आजोळीही तशी भिंत आहे. भुसावळकर काकांची अंगाई सांगितली तेव्हा पुढच्या बाकावरचे, ज्यांना मरॉडर मराठावरून आला असेल असं वाटलं होतं, ते बराच वेळ गप्प बसले.

मग ‘मरॉडिंग भिल्ल’ ही ओळ घेतली. मी पुसली नाही. तिच्या वर लिहिलं, ‘कंपनी सरकारच्या लेखी’. आणि मग ते सरकार काय लिहीत नव्हतं ते सांगितलं. आमच्याच खानदेशात गावचा जागल्या भिल्ल असायचा. रात्रीची राखण त्याची, चोर निघाला तर माग काढायचं कामही त्याचं, आणि त्याबद्दल खळ्यावर त्याचा हक्क. डोंगरातल्या घाटांची राखण भिल्ल नाईकांकडे, त्याचाही हक्क ठरलेला. १८०२ साली होळकरांच्या फौजा खानदेशातून गेल्या, मागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ आला. गावंच उठली तर जागल्याला खळं कुणाचं? हक्क बुडाले, माणसं डोंगरात गेली आणि तिथून खाली उतरू लागली. गावं लुटली गेली हेही मी सांगितलं. ते लपवलं तर ताईंच्या आजीच्या आजीवर अन्याय होईल.

सेंधव्याच्या घाटाचा खाज्या नाईक सांगितला. घाटाची राखण करणारा माणूस, नोकरी गेली, आणि १८५७ च्या उठावात त्याच घाटात त्यानं सरकारी खजिना लुटला. एकच माणूस, एकच घाट. तिसऱ्या बाकावरून तेव्हा आवाज आला. “सर, आमच्या गावात खाज्या नाईकाचं गाणं म्हणतात.” मी म्हटलं, मग उतारा आता तूच पुढे वाच. त्यानं उभं राहून वाचला. ‘मरॉडिंग’चा उच्चार त्यानं वर्गात सगळ्यांत चांगला केला, जोर बरोबर ‘रॉ’वर.

अर्थाचं असं ठरवलं. लूट करत फिरणारी टोळी असेल तर ‘धाडकरी’. मुलांना तो लगेच पटला, कारण टोळधाड त्यांना माहीत आहे. बिबट्या, रानडुक्कर, हत्ती यांच्याबद्दल ‘मरॉडिंग’ आलं तर ‘धुमाकूळ घालणारा’, वर्तमानपत्रात रोज वाचतो तसा. वकील साहेबांचं ऐकून दरोडेखोर बाद. ‘लुटारू’ लिहिलं तर अर्धा गुण, कारण आप्पा म्हणाले तसे त्याला पाय नाहीत.

आणि शब्दवहीत आता पाचवा रकाना आखायला लावला आहे: ‘कोण कोणाला म्हणतं’. सगळ्या शब्दांना तो लागत नाही, टेबल-खुर्चीला काय लागणार. पण परवा ‘ट्राइब’, ‘सॅव्हेज’ आणि ‘नेटिव्ह’ हे तीन शब्द एकाच पानावर आले तेव्हा तो भरायला मुलांना तासभर पुरला नाही, मधल्या सुट्टीतही वाद चालू होता.

ताई, दिवाळीच्या सुट्टीआधी एका शनिवारी दहा-बारा मुलांना घेऊन धरणगावला यायचं म्हणतो. बळद अजून शाबूत असेल तर बोळा काढायला आणखी एक जण तयार आहे.

---

धरणगावची लेक:

बळद शाबूत आहे भाऊ. आता त्यात ज्वारी नसते, पण तुम्ही येणार असाल तर आदल्या दिवशी दोन पायल्या ओतून ठेवते. मुलांना काय चालतं ते कळवा. वरणबट्टी आणि वांग्याची भाजी करीन.